स्वभावाला औषध नसतं, हे अर्धंच खरं

पूर्वी माझ्यासमोर बसलेली बाई म्हणायची, "काय सांगू मॅडम, त्यायचा स्वभावच तसा आहे." आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प व्हायची. आता तिच्या मुलीच्या वयाची पोरगी येते, पर्समधून मोबाइल काढते, एक रील दाखवते आणि म्हणते, "बघा, सेम टू सेम. माझा नवरा नार्सिसिस्ट आहे." पुरुषही मागे नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ फाइल घेऊन आले. फाइलवर बायकोचं नाव आणि त्याखाली स्केचपेननं ठळक अक्षरांत 'बॉर्डरलाइन'. निदान घरीच झालेलं, माझी फक्त सही हवी होती.

मी नागपुरात विवाह समुपदेशनाचं काम करते. डॉक्टर नाही. निदान करायचा मला अधिकार नाही, तुम्हालाही नाही, आणि या लेखाचा अर्धा मुद्दा तोच आहे. पण नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वागण्यात काहीतरी मुळातूनच वेगळं आहे, हे सगळ्यांत आधी जोडीदाराला कळतं. ते कळलेलं नीट शब्दांत कसं मांडायचं आणि कुठं न्यायचं, हा उरलेला अर्धा. खालच्या उदाहरणांतल्या माणसांचे तपशील मी इतके बदललेत की ती स्वतःलाही ओळखणार नाहीत.

एका बाजूला ओढणारी स्कूटर

स्वभाव म्हणजे माणसाची विचार करण्याची, भावना सांभाळण्याची आणि दुसऱ्याशी वागण्याची रुळलेली पद्धत. कुणी चिडका, कुणी कंजूष, कुणी भित्रा. ही पद्धत जेव्हा इतकी ताठर होते की प्रसंग बदलला तरी माणूस हलत नाही, आणि त्यापायी त्याचं स्वतःचं किंवा जवळच्यांचं जगणं वर्षानुवर्षं मोडत राहतं, तेव्हा मानसोपचारशास्त्र त्याला 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणतं. मराठी पुस्तकांत 'व्यक्तिमत्त्व विकार' असतं. मी स्वभावविकार म्हणते, तोंडात बसतो.

एखादी जुनी स्कूटर आठवा, कायम डावीकडे ओढणारी. कधीकाळी पडली असेल, पुढचा फोर्क किंचित वाकला असेल. चालवणाऱ्याला याचा पत्ताच नसतो. तो इतकी वर्षं हँडल उजवीकडे दाबूनच चालवतो की त्याच्या लेखी गाडी सरळ जाते. कळतं ते मागे बसणाऱ्याला. वळणावर पोटात गोळा येतो, गुडघा डिव्हायडरला घासतो. तिनं तक्रार केली की पुढून उत्तर येतं, "रस्ता खराब आहे," नाहीतर, "तू नीट बसत नाहीस."

नैराश्य किंवा अतिचिंता म्हणजे प्लगमध्ये कचरा अडकणं. गाडी बंद पडते आणि चालवणाराच ती ढकलत मेकॅनिककडे नेतो. स्वभावविकारात अनेकदा मागे बसणारीच मेकॅनिकचा पत्ता शोधत फिरते. म्हणून "त्याला काही प्रॉब्लेम वाटतच नाही" ही माझ्याकडची सर्वांत जुनी तक्रार आहे. वाटणार कसा? त्याच्या हाताला ती गाडी सरळच लागते.

हे किती जणांत असतं? जगभरातल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र पाहिल्या तर शंभर प्रौढांत साधारण ६ ते ८. म्हणजे तुमच्या अपार्टमेंटमध्ये एखादं घर असणारच. पण प्रत्येक मजल्यावर नसणार, जसं रील पाहून वाटतं.

किती दिवस, कुठं कुठं, आणि किंमत कुणी मोजली?

अमेरिकेतली मानसोपचारतज्ज्ञांची संघटना आजारांची एक यादी काढते. तिच्या २०१३ च्या आवृत्तीत स्वभावविकाराचे १० प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची स्वतःची वेगळी यादी आहे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत त्यांनी ही जुनी नावं जवळजवळ सगळी काढून टाकली आणि आधी विकार किती तीव्र आहे ते ठरवा, सौम्य, मध्यम की गंभीर, असं सांगितलं. मला हा बदल आवडला. नावाच्या चिठ्ठीपेक्षा घर किती हलतंय, ते महत्त्वाचं.

दोन्ही याद्या मुळात एकच गोष्ट तपासायला सांगतात. हे वागणं जुनं आहे का? त्याची मुळं पौगंडात किंवा विशीत सापडतात का? जागतिक संघटनेच्या लेखी किमान दोन वर्षांचं तरी सातत्य लागतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, बाळंतपण, नोकरी गेलेली, सासरे अंथरुणाला खिळलेले, अशा काळात कुणीही वेड्यासारखं वागतं. ते धरायचं नाही. मग, हे एकाच माणसाशी आहे की मित्र, भाऊ, ऑफिस, शेजार सगळीकडे तीच गोष्ट फिरून येते? दर दोन वर्षांनी नोकरी सुटते आणि दर वेळी साहेबच नालायक निघतो. सख्ख्या बहिणीशी बोलणं नाही, कॉलेजचा एकही मित्र उरलेला नाही. आणि शेवटी, यापायी काय मोडलं? झोप, पैसा, मुलाचा अभ्यास, माहेर?

एक गोष्ट याद्या स्पष्ट सांगतात आणि रील्समध्ये ती कधीच येत नाही. वागणं त्या समाजाच्या रीतीबाहेरचं असायला हवं. पगार आईच्या हातात देणारा नवरा तुम्हाला खटकेल, मलाही खटकतो, पण तो आजारी नाही. आपल्याकडे हजारो तसे आहेत.

कूलरवरची लाल रेघ

आता एक घर जवळून बघू. मे महिना, पारा ४५ च्या वर, हॉलमध्ये कूलर. कूलरच्या टाकीला आतून लाल नेलपॉलिशची रेघ मारलेली. पाणी सकाळी सहाला त्या रेघेपर्यंत भरायचं. वर गेलं तर मोटर खराब होते, खाली राहिलं तर दुपारी पंप कोरडा फिरतो. हे सगळं खरंच आहे. नवरा बँकेत, हिशेबाचा पक्का, दारू नाही, शिवी नाही. एका सकाळी तिच्याकडून रेघेच्या दोन बोटं खाली राहिलं. तो ऑफिसला अर्धा तास उशिरा गेला, पण टाकी रिकामी करून, पुन्हा रेघेपर्यंत भरून, मुलीला तिथं उभं करून "बघ, असं भरतात" हे दाखवूनच गेला. डब्यांची लेबलं एका रेषेत. भाजी चिरण्याची लांबी ठरलेली. सिनेमा बंद, कारण वेळ वाया जातो. जुन्या टीव्हीचा खोका १२ वर्षांपासून माळ्यावर, कारण लागला तर?

तिला वाटत होतं हे ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. लोक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून इथं थोडं थांबते. ओसीडीत माणसाला स्वतःच्याच विचारांचा छळ होतो. हात पुन्हा पुन्हा धुतोय हे वेडेपणाचं आहे, हे त्याला कळतं आणि थांबवता येत नाही म्हणून तो रडतो. या बँकेतल्या गृहस्थाला कसलाच छळ नव्हता. त्याच्या लेखी जग ढिसाळ होतं आणि तो एकटा नीट होता. या अतिनियमी स्वभावाचं ताठर रूप हा त्या १० प्रकारांतला एक आहे, नावात (ओसीपीडी) ओसीडीसारखीच अक्षरं असली तरी आजार वेगळा.

"नवरा शिस्तीचा आहे, यात आजार कसला?" सासरचे विचारतात. शिस्तीनं काम पूर्ण होतं. इथं शिस्तीपायी काम अडतं. बदलीनंतर नव्या फ्लॅटचं फर्निचर दोन वर्षं झालं नाही, कारण सुताराचा एकही नमुना त्याच्या मापात बसला नाही. पोरं दोन वर्षं जमिनीवर बसून अभ्यास करत होती. फरक हाच.

सदतीस मिस्ड कॉल

दुसरं घर. इथं मागच्या सीटवर नवरा आहे. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा फोन बंद पडला, वीस मिनिटं. चार्ज केला तर सदतीस मिस्ड कॉल आणि मेसेजची रांग. पहिला, "कुठं आहेस, काळजी वाटते." मधला, "तुझ्याशिवाय मी जगूच शकत नाही." शेवटचा, "तू कधीच माझा नव्हतास, परत येऊ नको." घरी पोचला तर कपाट रिकामं करून त्याचे कपडे गॅलरीत. रात्री अकराला तिनंच ते सगळे परत घडी केले, त्याच्या आवडीची अंडाकरी केली आणि त्याच्या पाठीला डोकं टेकून झोपली. तो मला म्हणाला, "मॅडम, मोबाइलची बॅटरी दहा टक्क्यांवर आली की माझ्या छातीत धडधडतं."

बॉर्डरलाइन म्हणतात तो प्रकार असा काहीसा दिसतो. जवळचं माणूस सोडून जाईल ही भीती सतत डोक्यावर. आज देव, उद्या राक्षस, अधलंमधलं काही नाही. आतून पोकळ वाटणं, राग, अविचारी खर्च किंवा गाडी चालवणं, स्वतःला इजा करणं किंवा मरून जाण्याची भाषा. यादीत ९ खुणा आहेत, त्यांपैकी किमान ५ लागतात. नाव विचित्र आहे, त्याचं कारण जुनं. १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकानं काही रुग्णांबद्दल लिहिलं की हे सौम्य मानसिक आजार आणि गंभीर आजार यांच्या सीमेवर आहेत. सीमेची ती कल्पना आता कुणी मानत नाही, पण नाव चिकटलं. १९८० मध्ये ते अधिकृत यादीत आलं. तेव्हा 'बॉर्डरलाइन' म्हणजे 'थोडासाच आजार' असं समजू नका. मला तसं समजून निर्धास्त झालेले सासरे भेटलेत.

याला बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार, समजण्याची चूक फार होते. बायपोलरमध्ये मूडची लाट दिवस, आठवडे टिकते. इथं एका दिवसात चार ऋतू, आणि प्रत्येकाच्या मागे बहुतेक वेळा माणसांतलाच एखादा प्रसंग. फोन उचलला नाही, आवाज जरा कोरडा लागला, एवढं पुरतं. आणि हा बायकांचाच आजार नाही. दवाखान्यात बायका जास्त दिसतात, पण घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत स्त्री-पुरुषांत फारसा फरक निघालेला नाही. पुरुष दवाखान्याऐवजी बारमध्ये किंवा पोलीस स्टेशनात सापडतात.

ही माणसं नाटक करत नाहीत. त्यांच्या मनाला जणू कातडीच नसते, आपल्याला वारा लागतो तिथं त्यांना चटका बसतो. हे कळलं म्हणून गॅलरीतले कपडे उचलणं सोपं होत नाही, हेही खरं.

आणि रीलमधला तो नार्सिसिस्ट?

आत्मप्रौढीचा स्वभावविकार खरा आहे, पण फोटो टाकत बसणारा नवरा म्हणजे तो नव्हे. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: आपण इतरांपेक्षा वरचे ही खोल समजूत, कौतुकाची न भागणारी भूक, आणि समोरच्याला काय वाटतंय हे मनाला न शिवणं. बायको तापानं फणफणलेली असताना "माझ्या पार्टीच्या दिवशीच कसा ताप येतो तुला?" असं विचारणारा माणूस त्या क्षणी क्रूरपणा करत नसतो. तिचा ताप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. टीका मात्र लगेच पोचते. वरवरच्या डामडौलाखाली फार पातळ काच असते.

संशयी प्रकाराबद्दल एक सावधगिरी. सगळ्यांच्याच हेतूंवर शंका घेणं, जुने अपमान वर्षानुवर्षं उगाळणं, हा स्वभावविकार असू शकतो. पण बायकोचं लफडं आहे अशी खात्रीच बसणं, पुरावा उलटा दाखवला तरी न ढळणं, दूधवाल्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांवर आरोप, हे बहुधा वेगळ्या आजाराचं लक्षण असतं. त्याला औषधं लागू पडतात. तो दारूसोबतही दिसतो आणि त्यात जिवाला धोका असतो. इथं वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

बाकीचे प्रकार, कुणी पूर्ण एकलकोंडा, कुणी प्रत्येक लहान निर्णयाला दुसऱ्याच्या पदराला धरणारा, कुणी कायदा आणि दुसऱ्याचा जीव दोन्ही कवडीमोल मानणारा, यांच्या तपशिलात शिरत नाही. एका माणसात दोन-तीन प्रकारांची खिचडी असणं हेच जास्त आढळतं.

"बाहेर तर सगळे त्यायले देवमाणूस म्हणतात!"

हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. वर म्हटलं की विकार सगळीकडे दिसायला हवा. मग कॉलनीच्या गणपतीत पहाटेपर्यंत राबणारा, घरी मात्र असह्य असणारा माणूस?

दोन शक्यता असतात. काही विकार जवळीक वाढली की दाबात येतात, जसा प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह शिजायला लागल्यावरच थरथरतो. ओळखीपाळखीत ही माणसं लाघवी असतात. अशांचं जवळचं दुसरं नातं शोधा. आईशी कसं होतं, पहिला पार्टनर का गेला, सख्खा भाऊ का येत नाही? तिथं तीच गोष्ट निघते.

दुसरी शक्यता सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. साहेबानं चारचौघांत झापलं तर जो माणूस मान खाली घालून "येस सर" म्हणतो आणि घरी मीठ कमी पडलं म्हणून ताट फेकतो, त्याचा रागावरचा ताबा सुटलेला नाही. ताबा उत्तम आहे. कुठं सोडायचा ते त्याला ठाऊक आहे. मारहाण करणारे बहुतेक पुरुष कुठल्याही यादीत बसत नाहीत. त्यांना बायकोला मारणं परवडतं, म्हणून ते मारतात. आणि एखादा यादीत बसलाच, तरी आजार आहे म्हणून मार खायचा, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, अपमान, पैसा अडवणं हेही येतं. ११२ वर पोलीस आणि १८१ वर महिला हेल्पलाइन आहे. मारहाण चालू असताना नवरा-बायकोनं एकत्र समुपदेशनाला बसू नये, असं मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगते. तिथं बोललेलं घरी गेल्यावर वसूल होतं.

अचानक बदलला असेल तर उलट विचार करा

"पंचवीस वर्षं साधा सरळ होता जी, आता दोन वर्षांपासून कसातरीच करून राहिला." हे ऐकलं की मी स्वभावविकाराचा विषयच बंद करते. स्वभाव पन्नाशीत उगवत नाही. भिडस्त माणूस अचानक अचकट बोलू लागला, काटकसरी माणूस पैसे उधळू लागला, बायको आजारी असताना काहीच वाटेनासं झालं, तर आधी मेंदू तपासा. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक स्मृतिभ्रंश असतो, त्यात सुरुवातीला विसरणं नसतंच, वागणंच बदलतं. डोक्याला मार, दारू, थायरॉईड, बायपोलरची लाट, बाळंतपणानंतरचं नैराश्य, हे सगळे स्वभावाचा मुखवटा घालून येतात आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे. तरुणपणापासूनची तऱ्हा आणि कालपरवाचा बदल, एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळ.

"मग मीच नाव दिलं तर बिघडलं कुठं?"

१९६४ साली अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार होते बॅरी गोल्डवॉटर. 'फॅक्ट' नावाच्या मासिकानं देशभरच्या मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, हा माणूस मानसिकदृष्ट्या या पदाला योग्य आहे का? १,१८९ डॉक्टरांनी कळवलं, नाही. त्यांच्यापैकी कुणीही त्यांना तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर मासिकाविरुद्धचा अब्रुनुकसानीचा खटला जिंकले. १९७३ मध्ये तिथल्या संघटनेनं नियमच केला की ज्याला तपासलं नाही त्याच्याबद्दल असं मत द्यायचं नाही. शिकलेल्या डॉक्टरांची ही गत, तर तीस सेकंदांच्या रीलची काय कथा.

तुम्ही मागच्या सीटवर आहात, म्हणजे सर्वांत चांगले साक्षीदार. पण घायाळही आहात, म्हणून पंच होऊ शकत नाही. शिवाय नाव एकदा दिलं की कान बंद होतात. त्यानं फुलं आणली तरी "हे लव्ह-बॉम्बिंग", म्हणजे प्रेमाचा भडिमार करून जाळ्यात ओढणं, आणि नाही आणली तरी "बघा, भावनाच नाहीत."

म्हणून मी एक साधी शंभर पानी वही घ्यायला सांगते. बहुतेकांची पहिली नोंद अशी असते: "आज पुन्हा नार्सिसिस्टपणा केला." ती खोडायला लावते. अशाच एका बाईची महिन्याभरानंतरची नोंद अशी होती:

"मंगळवार, रात्री नऊ. आईचा फोन, सात मिनिटं. ह्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, जा मग तिकडेच. तीन दिवस बोलणं बंद. चिनूमार्फत निरोप. शुक्रवारी सकाळी चहा मागितला, जसं काही झालंच नाही. मी माफी मागितली होती. कशाची ते माहीत नाही."

यात एकही शास्त्रीय शब्द नाही आणि डॉक्टरला यातून जे मिळतं ते कुठल्या नावातून मिळणार नाही. काय झालं, आधी काय झालं होतं, किती वेळ टिकलं, मी काय केलं. हो, 'मी काय केलं' तेही लिहायचं. वही मोबाइलमध्ये असेल तर कुलूप लावा. आणि तीन महिन्यांत वही कोरीच राहिली, तर तेही उत्तरच आहे. मला अशा दोन जणी भेटल्यात, दोघींना थोडं ओशाळल्यासारखं झालं.

"माझंच तर चुकत नसेल?"

हा प्रश्न रात्री दोनला पडतो. वर्षानुवर्षं अंड्यांच्या टरफलांवर चालल्यासारखं घरात चाललं की आपलीही चाल वाकडी होते. खोटं बोलायची सवय लागते, माहेरचे फोन गच्चीवर होतात, मुलांवर विनाकारण हात उठतो. म्हणून पहिली अपॉइंटमेंट स्वतःची घ्या. ती हार नाही. आणि हो, क्वचित असंही झालंय की मी ज्यांना मागच्या सीटवरचे समजत होते, हँडल त्यांच्याच हातात निघालं.

न्यायचं कसं?

"तू आजारी आहेस, डॉक्टरकडे चल" हे वाक्य आजवर कुणाच्या घरी चाललेलं मी पाहिलं नाही. भांडणानंतर तासाभरात तर मुळीच नको. "मला झोप येत नाही, डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय" हे चालतं, आणि ते खोटंही नसतं, झोप खरंच उडालेली असते. त्याच्या स्वतःच्या दुखण्याचा धागा धरा. पोटात ॲसिडिटी, ऑफिसमधला ताण, बीपी.

आपल्याकडे नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासले जातात, पण 'मेंटल'ची पायरी म्हटली की लोक दचकतात, म्हणून बरेच जण धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे जातात. तुम्हाला जमेल तिथं जा. घरून निघणंच शक्य नसेल तर १४४१६ फिरवा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. जोडीदार मरून जायची भाषा करत असेल तर ती धमकी आहे की खरं, याचा निवाडा तुम्ही करू नका. दर वेळी खरी समजून मदत बोलवा. मात्र त्या भीतीपोटी त्याची प्रत्येक अट मान्य करायलाच हवी, असंही नाही.

पहिल्या भेटीत निदान मिळणार नाही. याची रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. डॉक्टर चार-सहा वेळा बोलतील, शाळेपासूनचा इतिहास विचारतील, घरच्यांनाही बोलावतील. पहिल्याच दिवशी कुणी नाव सांगून मोकळा झाला, तर मी दुसऱ्याचंही मत घेईन.

तर, औषध आहे का?

गोळी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्वभावविकारासाठी म्हणून मान्यता दिलेलं एकही औषध आजवर नाही. सोबतचं नैराश्य, झोप, भडका यांवर गोळ्या मिळतात, इतकंच. 'स्वभावाला औषध नसतं' म्हणणाऱ्या आज्या तेवढ्यापुरत्या बरोबर होत्या.

पण बोलण्याचे उपचार आहेत आणि ते चालतात. बॉर्डरलाइनसाठी सर्वांत जास्त तपासलेला उपचार मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभा केला. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, लोक डीबीटी म्हणतात. भावनेची उकळी आली की पुढची दहा मिनिटं काय करायचं, हे त्यात पोहणं शिकवावं तसं शिकवतात. २०११ मध्ये या बाईंनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या, स्वतःला इजा करत होत्या. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात बॉर्डरलाइनच्या सुमारे २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निवळलेली राहिली. नोकरी आणि नाती दोन्ही सावरून पूर्ण उभे राहिले ते साधारण निम्मे. या दोन आकड्यांमधल्या अंतरात पुष्कळ संसार अडकलेले असतात. आत्मप्रौढीवाले मात्र उपचाराला येतातच कमी, आणि आलेले टिकतात त्याहून कमी.

कोर्टात हे चालतं का?

फाइलवर 'बॉर्डरलाइन' लिहून आणणाऱ्या गृहस्थांना खरं तर हेच हवं होतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण विकार अशा स्वरूपाचा आणि इतका असायला हवा की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात हेच ठसवलं: आजाराचं नुसतं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस आपोआप अक्षम ठरत नाही. शिवाय 'माझी बायको वेडी आहे' या वाक्याचा आपल्याकडचा इतिहास फार घाणेरडा आहे. हुंडा मिळाला नाही, दुसरी आवडली, की पहिली वेडी ठरायची. म्हणून नवऱ्यांच्या हातातली ही फाइल मी जरा जास्तच निरखून बघते, हा माझा पूर्वग्रह समजा. सोबत राहायचं की वेगळं व्हायचं हे ठरवायला निदानाची गरजही नसते. वहीत काय लिहिलंय ते पुरतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

नेलपॉलिशच्या रेघेवाले गृहस्थ बायकोच्या झोपेच्या निमित्तानं आले. पहिल्या दोन वेळा घड्याळ बघत बसले, माझ्या टेबलावरचे पेन सरळ करून ठेवले. तिसऱ्या वेळी मी त्या रेघेबद्दल विचारलं, सहज. ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आमच्या घरी ही पद्धत जुनी आहे. बाबा खडूनं आखायचे. पण खडू पाण्यानं पुसायचा, मग अंदाज चुकायचा, मग आम्ही भाऊ उन्हात उभे." थोडं थांबून, समाधानानं, "म्हणून मी नेलपॉलिश वापरलं. ते पुसत नाही."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं पहिल्यांदाच वहीतून डोकं वर काढलं.